सहावं दुकान

बाजारगल्लीत बारा दुकानं होती. पुराचं पाणी शटरच्या वरच्या पट्टीपर्यंत चढलं आणि उतरताना बहुतेकांची उमेदही घेऊन गेलं. नगरपालिकेनं सांगून टाकलं, मोजणीच्या दिवशी निम्मी दुकानं मालकासकट उघडी दिसली तर गल्ली नव्यानं बांधून देऊ, नाहीतर तिथं वाहनतळ. पालिकेला माणसांपेक्षा गाड्यांची काळजी जरा जास्तच.

पाच दुकानं कशीबशी उघडली होती. शिंपीमास्तरांचा जीव अडकला होता तो सहाव्यात, समोरच्या घड्याळवाल्याच्या दुकानात. मास्तर रस्त्याकडे पाठ करून मशीनवर बसत. पुढ्यातल्या उंच आरशात घड्याळवाल्याचं काउंटर दिसायचं. मास्तरांनी आरशात नुसती भुवई उडवायची, की मागून आवाज यायचा, "साडेपाच." एकतीस वर्षं हे चाललं. दुकानात घड्याळ लावायला मास्तर तयार नव्हते. फुकट मिळतंय ते विकत कशाला? घड्याळवाला त्यांना 'चिक्कू' म्हणायचा आणि वेळही सांगायचा. बायको गेल्यापासून दिवसभरात मास्तरांशी आपणहून बोलणारा तो एकटाच होता.

पुरानंतर तो दुसऱ्या शहरात मुलीकडे गेला. फोन केला की "बघू" म्हणायचा. मास्तरांकडे त्याची जादा किल्ली होती. चार दिवस खपून त्यांनी त्याच्या दुकानातला गाळ खरवडला, ड्रॉवर उन्हात वाळवले. स्वतःचा आरसा खालून काळा पडला होता, तो मात्र तसाच ठेवला. बदलायचं म्हटलं तरी त्यांच्या जिवावर यायचं.

मोजणीच्या सकाळी पाठीमागे शटर खडखडलं. मास्तरांनी मान वळवली नाही. आरशात घड्याळवाला उभा होता, थोडा वाळलेला. मास्तरांनी भुवई उडवली.

"सव्वानऊ," मागून आवाज आला.

मास्तरांना सुईत दोरा ओवता येईना. इतका आनंद त्यांना वर्षभरात झाला नव्हता.

अकराला पालिकेच्या बाई आल्या, सहा दुकानं मोजली, मालकांच्या सह्या घेतल्या. गल्ली वाचली. मग घड्याळवाला रस्ता ओलांडून आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं.

"चिक्कू, हे घे. सेल घातलाय."

भिंतीवरचं घड्याळ होतं. मास्तर समजायचं ते समजले.

"किती वाजताची गाडी?"

"चारची." घड्याळवाल्यानं हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "बारीक काम होत नाही रे आता. मोजणीपुरता आलो. म्हटलं, तुझी गल्ली तरी राहू दे."

"बरं केलंस," मास्तर म्हणाले. तुझ्याशिवाय काय करू मी त्या गल्लीचं, हे त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"तुझ्याकडची किल्ली राहू दे. कोणी नवा आला तर दे त्याला. फक्त वेळ सांगणारा बघ."

दोघं हसले. मग समोरचं शटर खाली आलं.

मास्तरांनी आरशाच्या वर खिळा ठोकून घड्याळ लावलं. शेजारचे येऊन त्यांचं अभिनंदन करून गेले. नव्या फरशीचा रंग कोणता असावा यावर बाहेर वादही सुरू झाला. मास्तर एका पँटची खालची पट्टी शिवत राहिले.

चार वाजून गेले असतील असं वाटलं, तेव्हा डोक्यावर घड्याळ टिकटिकत असूनही त्यांनी आरशात बघून भुवई उडवली.