टिकाऊ कातडं

भिंगरीने स्नेअर ड्रम मांडीवर घेतला आणि कातडं ताणून धरणाऱ्या कडीचा पहिला स्क्रू चावीने सैल केला. तो अर्ध्या फेऱ्यातच सुटला. त्याच्या समोरचा मात्र सुटेना. एक, दोन, अडीच फेरे झाले तरी तो आपला घट्टच.

"मास्तर, हा लावला कोणी?"

"कोणी म्हणजे? मीच. माझ्या ड्रमला दुसरं कोण हात लावणार?"

भिंगरीने चावीवर जोर दिला. तिचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण मास्तरांच्या तोंडी ते कधी बसलंच नाही. बारा वर्षांची असताना ती त्यांच्या वर्गात आली, पाच मिनिटं स्टुलावर स्थिर बसेना, म्हणून भिंगरी. आता चाळिशी उलटली होती, वाद्यांचं दुकान काढून पंधरा वर्षं झाली होती, आणि शहरातले निम्मे ड्रमवाले तिला विचारल्याशिवाय नवं कातडं घेत नव्हते. तरी मास्तरांपुढे ती भिंगरीच.

कातडं म्हणायचं ते आपलं सवयीने. असतं ते प्लास्टिकच, वरून पांढरा खरखरीत लेप दिलेलं. पण वापरून जुनं झालेलं कातडं भिंगरी पुस्तकासारखं वाचायची. लेप कुठे उडाला, खळगे किती खोल, यावरून माणूस कसा वाजवतो, कुठे घाई करतो, घरी भांडून आला की कुठे मारतो, हे ती तोंडावर सांगायची आणि सहसा चुकायची नाही. तिला त्याचा गर्वही होता. पलीकडे गिटारच्या कपाटाशी बसणारा नवरा म्हणायचा, "अगं, गिऱ्हाइकाला कातडं विकायचंय की त्याचं भविष्य?"

तिने मास्तरांचं कातडं सोडवून खिडकीच्या उजेडात धरलं. लेप बरोबर मधोमध, लिंबाएवढ्या जागेत झिजला होता. सत्तरीतला हात, पण एक ठोका इकडेतिकडे नाही. कडेला मात्र एका बाजूला चुण्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला कातडं फाटायच्या बेताला आलं होतं. असं कातडं नवशिके आणून देतात. मास्तरांकडून आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"हल्लीची कातडी!" मास्तर म्हणाले. "आठवड्यात ढिली पडतात. नाटक कंपनीत तो नवा संयोजक आलाय ना, कालचं पोर, तो मला सांगतो, मास्तर, तुमचा ड्रम बेसूर वाजतोय. चौतीस वर्षं रंगमंचापुढच्या त्या खड्ड्यात बसून वाजवतोय मी. पुढच्या आठवड्यात नव्या नाटकाची तालीम. तेव्हाही त्याला बेसूर वाटलं, तर माझ्या जागी दुसरा माणूस."

"असं म्हणाला?"

"गोड बोलून म्हणाला. विश्रांती घ्या म्हणाला. घरी बसून मी काय भिंती वाजवू? तू मला तुझ्याकडचं सगळ्यात टिकाऊ दे. जाड, दुपदरी, लेप न उडणारं. एकदा बसवलं की वर्षभर हात लावायला नको."

आता हे मास्तर म्हणत होते, म्हणून भिंगरीला नवल वाटलं. दर महिन्याला कातडं बदलायचं आणि ते आपल्या हाताने सुरात लावायचं, हा त्यांच्या वर्गाचा पहिला धडा. दहाही स्क्रूंशी एकच सूर यायला हवा. नाही आला, तर काठीला हात लावायची परवानगी नव्हती. भिंगरीने पहिले दोन महिने नुसते स्क्रू पिळले होते. पण सगळीच माणसं म्हातारपणी आळशी होतात, असं मनाशी म्हणून तिने दुकानातलं सगळ्यात दणकट कातडं काढलं.

"हे मिरवणुकीत वाजवणारे नेतात. याला हातोडीने मारलं तरी फाटणार नाही."

"बस्स. हेच."

"हाताखाली कसं लागतं ते तर बघा."

तिने ते ड्रमवर टाकलं, कडी बसवली आणि सगळे स्क्रू नुसते बोटांनी फिरवले. चावी लावलीच नाही; त्यांना पोत तेवढा कळावा, सुराचं नंतर बघू. मास्तरांनी काठ्या घेतल्या आणि वाजवायला सुरुवात केली.

हात तोच होता. लय अशी, की त्यावर घड्याळ लावून घ्यावं. गिटार पुसता पुसता नवऱ्याची मान डोलायला लागली. पण ड्रमचा आवाज रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा येत होता, उजवीकडे एक आणि डावीकडे भलताच. भिंगरी मास्तर थांबायची वाट बघत राहिली. असल्या ड्रमवर त्यांनी तिला दोन ठोकेही मारू दिले नसते.

मास्तर थांबले आणि हसले.

"झकास. जमलं. आता सोडवू नकोस, असंच बांधून दे."

आता भिंगरीला कळलं. मास्तरांना ठोका ऐकू येत होता, ठोक्यातला सूर येत नव्हता. कातड्यावरच्या चुण्या तिने वाचल्या होत्या, अर्थ मात्र चुकीचा लावला होता. त्यांना आळस आला नव्हता. दर महिन्याला नवं कातडं सुरात लावायची वेळ येऊ नये, म्हणून टिकाऊ हवं होतं. आणि हा डबा घेऊन ते तालमीला गेले असते, तर त्याच दिवशी त्यांची जागा गेली असती.

रडू आलं तिला. पण दुकानात गिऱ्हाइकासमोर रडायची तिला सवय नव्हती. तिने ड्रम स्वतःकडे ओढला आणि कडी काढली.

"हे मी तुम्हाला देणार नाही."

"का? पैसे देतोय मी."

"जाड आहे. तुमचं बारीक काम सगळं गिळून टाकतंय. हे मिरवणुकीत ठीक, नाटकात नाही." तिने खालच्या खणातून एकपदरी, लेपाचं साधं कातडं काढलं. "हे घ्या. महिनाभर टिकेल."

"महिना? मग दर महिन्याला पुन्हा..." मास्तर अडखळले. काठ्या त्यांनी उगाचच एकमेकींना समांतर लावून ठेवल्या. "माझं हल्ली मनगट दुखतं, भिंगरी."

"तुम्हाला कुठे काय करायचंय? नवा नियम आलाय कातडं बनवणाऱ्या कंपनीचा. कातडं दुकानातच बदलायचं आणि दुकानदारानेच सुरात लावून द्यायचं. तरच गॅरंटी. घरी लावलं की गॅरंटी संपली."

गिटारमागून नवऱ्याने तोंड उघडलं. भिंगरीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याने ते मिटलं.

"कातड्याला गॅरंटी?" मास्तर म्हणाले.

कातड्याला आणि जावयाला गॅरंटी नसते, हे ते वर्गात दर आठवड्याला ऐकवायचे आणि स्वतःच हसायचे. भिंगरीने चावी उचलली आणि त्यांच्याकडे न बघता पहिला स्क्रू आवळला, मग समोरचा, मग बाजूचा. प्रत्येक स्क्रूशी काठीने टकटक करून, कान देऊन, ती पुढे सरकत होती. सूर एकेका जागी येऊन बसत होता. मास्तर तिच्या हातांकडे बघत राहिले, कुठे चुकतेय का ते शोधत असल्यासारखे. दहावा स्क्रू आवळून झाला.

"लेखी आहे का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तो नियम. कोणी विचारलं तर दाखवायला लागेल ना मला."

"लिहून देते की."

तिने दुकानाची वही ओढली, कोरं पान फाडलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ड्रम दुकानात आणणे बंधनकारक. खाली सही केली, शिक्का मारला. नाटक असेल त्या दिवशी दुकानदार स्वतः येऊन तपासेल, असंही एक कलम जोडलं.

मास्तरांनी कागद लांब धरून वाचला. कलम दोनदा वाचलं. मग तो तिच्यापुढे ठेवून सोमवारवर बोट टेकवलं.

"सोमवारी तालीम असते. मंगळवार कर."