आभार मानायचे नाहीत

रायसाने झटकन नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. शेजारच्या फैनाने दुधाच्या कापलेल्या खोक्यांतली काकडीची सहा रोपं नुकतीच आणून दिली होती आणि रोदिओन आभार मानायला निघाला होता.

"गप रे बाबा!" फैना ओरडली. "दिलेल्या रोपाचे आभार मानले की रोप रुजत नाही. साठीला आलास, एवढंही ठाऊक नाही?"

"आम्ही कधी काही लावलंय का?" रायसाच्या हाताआडून तो म्हणाला.

खरंच होतं. चौतीस वर्षं तो नदीवर लाकडांचे तराफे हाकत राहिला, आणि ती टपाल कचेरीत. बाग म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं तोच म्हणायचा. आता छातीच्या दुखण्याने पार खंगल्यावर त्याला घरच्या मातीतली काकडी हवी होती. डॉक्टरीणबाईंनी रायसाला बाहेर नेऊन सांगितलं होतं, जुलै निघाला तर पुष्कळ. आणि काकडी धरणार जुलैच्या अखेरीला. काही झालं तरी त्याने ती खावी, एवढंच तिला हवं होतं.

तिने परसात उंच वाफा बांधला आणि मुळांना ऊब मिळावी म्हणून तळाशी ताजं शेण भरलं, कारण तिकडच्या उत्तरेत जून लागला तरी हातभर खाली जमीन अजून दगडासारखी गोठलेली होती. रोदिओन दारात स्टुलावर बसून हुकूम सोडत होता.

"वाकडं लावलंस. काकडीही वाकडीच येणार."

"तुझ्यावर जाईल."

तो हसला, आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

आठवड्याभरात त्याने अंथरूण धरलं. जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी वारा पडला, आभाळ स्वच्छ झालं आणि हवा चावू लागली. रायसाने घरातली होती नव्हती ती पांघरुणं वाफ्यावर घातली. रोदिओनने अंगावरची रजईही काढून दिली.

"घेऊन जा. मला कोट पुरे."

सकाळी तिने रजई उचलली. रात्रीच्या हिमाने पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. तिने एकेक देठ चाचपला. सहाही देठ तिच्या बोटांत चुरगळले. ती तिथेच मातीत बसून पोटभर रडली. मग तोंड धुऊन आत गेली.

"सगळी वाचली," ती म्हणाली. "तुझ्या रजईची ऊब लागली."

रोदिओनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे. तोंड धुतलं तरी नखांत काळा-हिरवा लगदा तसाच होता.

"रायसा," तो म्हणाला, "आभारी आहे गं."

तिचा हात अर्ध्यावर उचलला गेला. मग तिने तो मांडीवर ठेवून दिला.