कावळ्याचा पाय

बोरगावात भुजबली आप्पांच्या तंबाखूच्या वखारीमागं एक जुनी लष्करी गाडी उभी आहे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर छावणीतल्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा आप्पांच्या वडिलांनी, आण्णांनी, ती घेतली. अशा मालाला त्या वेळी डिस्पोजल म्हणायचे, म्हणून गाडीचं नावच डिस्पोजल पडलं. आप्पांचे वडील फार काटकसरी. सदऱ्याची बटणंसुद्धा जुन्या सदऱ्याची काढून नव्याला लावायचे. आयुष्यात हौसेनं घेतलेली त्यांची वस्तू एवढीच.

मी तिच्यावर अठरा वर्षं ड्रायव्हर होतो. आता मी चौऱ्याहत्तरचा आहे आणि ती माझ्याहून थोरली आहे. ढकलल्याशिवाय दोघंही जागची हलत नाहीत.

आप्पांच्या मुलाला, श्रेयांसला, त्या जागेवर ठिबकच्या पायपांचं गोदाम बांधायचं होतं. त्यानं भंगारवाल्याला गुरुवार दिला. गाडी तिथंच कापायची आणि लोखंड बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीला जायचं, असं ठरलं. ही गोष्ट त्यानं वडिलांना सांगितली ती ते जेवत असताना, कारण आप्पा जेवताना बोलत नाहीत. पोरगा बापासारखाच हिशेबी.

आप्पांनी ताट संपवलं, हात धुतले आणि मग सांगितलं की ही गोऱ्या पलटणीची गाडी आहे, तिला करवत लावता येणार नाही. श्रेयांस म्हणाला, कोण म्हणतं? आप्पा म्हणाले, मी म्हणतो. तेव्हा आप्पांच्या पत्नी ब्राह्मीवहिनी दारातून म्हणाल्या, "तुमी म्हणता तर आमचा पलंगबी राणीचाच हाय."

शेवटी बापलेकांत असं ठरलं की बेळगावातून जाणकार माणूस बोलवायचा. लढाईतली ब्रिटिश लष्कराची गाडी आहे असं त्यानं लिहून दिलं, तर गोदाम पलीकडच्या अंगाला बांधायचं. नाही दिलं, तर गुरुवार आहेच.

मंगळवारी जाणकार आला, तो माणूस नव्हे, बाई निघाली. नीलम तिचं नाव, राहायला खासबागेत. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या लष्करी गाड्या शोधत मोटारसायकलवर फिरते. आप्पांनी तिच्यामागं बघितलं, अजून कोणी येतंय का म्हणून. ती म्हणाली, "एवढीच आलेय आप्पा. दाखवा गाडी."

तिच्या वहीत पानाचे दोन भाग केलेले होते. एकावर लिहिलं होतं ‘सांगितलं’, दुसऱ्यावर ‘दिसलं’. आप्पा सांगायला लागले. गाडी ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आली, तिच्यात एक जनरल बसला होता, आणि मागच्या फळक्याला हे भोक आहे ते गोळीचं. नीलमनं सगळं मुकाट्यानं लिहून घेतलं. मग भोकात बोट घालून फिरवलं आणि म्हणाली, हे ड्रिलनं पाडलंय. ते भोक दोरी ओवायला मीच पाडलं होतं. मी वखारीच्या कौलांकडे बघत राहिलो.

दुपारपर्यंत पहिला भाग भरला, दुसरा कोराच. ती गाडीखाली पाठीवर झोपून बॅटरीच्या उजेडात बघत होती. बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं होती, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. तिनं समजावून सांगितलं की गाडी बेडफर्ड आहे यात शंका नाही. पण लढाईनंतर त्याच कंपनीच्या साध्या गाड्याही देशात आल्या. हिची केबिन कोल्हापुरात बांधलेली, इंजिन दुसऱ्याच ट्रकचं, नंबरची पट्टी नाही. ही लष्करातली, असं कशावरून म्हणायचं?

"एक खूण मिळाली तरी पुरे," ती म्हणाली. "ब्रिटिश लष्कर आपल्या प्रत्येक वस्तूवर बाण ठोकायचं. गाडीवर पाच-सात ठिकाणी तरी असतो." आणि तिनं बॉनेटवरच्या धुळीत बोटानं तीन रेघा ओढल्या, वरच्या टोकाला एकत्र जुळलेल्या.

चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, "ह्यो तर कावळ्याचा पाय."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

झालं होतं असं. मी नवा ड्रायव्हर होतो तेव्हा एकदा गाडी पुसताना म्हणालो की हिच्या अंगावर जागोजागी कावळ्याचे पाय उमटलेत. गंमत म्हणून बोललो. आप्पांच्या आईनं, अंबुबाई आक्कांनी, ते ऐकलं. ते बहात्तरचं साल. दुष्काळात सगळ्या गावाच्या म्हशी गेल्या, पण आक्कांच्या दोन म्हशी कावळ्याच्या पायानं गेल्या. आप्पा त्यांना समजवायचे की आई, आपण जैन, आपल्यात कावळ्याचं काही नसतं. आक्का म्हणायच्या, आपल्यात नसतं, पण शेजाऱ्यांच्यात असतं ना, आणि ते काय वेडे आहेत? त्यांनी मला कानस दिली आणि एकूण एक पाय घासून काढायला लावला.

नीलमनं ते घासलेले पट्टे केव्हाच हेरले होते. एकेका जागेवर बोट ठेवून ती दाखवू लागली. इथं होता, इथं होता, स्प्रिंगवर होता, पुढच्या बंपरवर होता. "कुणीतरी अगदी जीव लावून घासलंय," ती म्हणाली.

"आमचा मष्णू कामाला लई चोख," आप्पा माझ्याकडे हात करून म्हणाले. सवयीनं बोलून गेले. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते पायरीवर बसले.

श्रेयांस तिथंच उभा होता. तो जिंकला होता, पण त्याला ते बरं वाटत नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं. घासलेली जागा म्हणजे खूण होत नाही का, असं त्यानंच विचारलं. नीलम म्हणाली, "नाही हो. घासलेली जागा म्हणजे घासलेली जागा. काय होतं ते मी आपल्या मनानं कसं लिहू?" आणि तिनं वही मिटली.

आता मला बोलणं भाग होतं. बोललो तर पन्नास वर्षांचा चोखपणा जाणार, न बोललो तर गाडी जाणार. मी थोडा वेळ विचार केला, खोटं कशाला सांगू. शेवटी म्हणालो, "आप्पा, एक ऱ्हायलाय."

"काय ऱ्हायलंय?"

"पाय."

त्या दिवशी मला दुपारनंतर मुलगी बघायला जायचं होतं. सात पाय घासून झाले होते. आठवा ड्रायव्हरच्या सीटखाली, चासीच्या आडव्या पट्टीवर. त्याच्यासाठी फळ्या काढायच्या, गंजलेले नट सोडवायचे, संध्याकाळ झाली असती. मी फटीतून हात घालून त्याच्यावर डांबराचा गोळा थापला, हात धुतले आणि गेलो. आक्कांनी स्टिअरिंगवर हात ठेवायला लावून विचारलं, सगळे गेले? मी म्हटलं, गेले. पुढं आक्कांची म्हैस व्याली, रेडी झाली. तेव्हापासून दर दिवाळीला, आक्का होत्या तोवर, मला या घरातून नवं धोतर मिळालं. कावळ्याचे पाय घालवले म्हणून.

हे सगळं सांगून झालं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. रडत नव्हत्या.

नीलमनं वही उघडली आणि माझं बोलणं ‘सांगितलं’च्या खाली लिहिलं. मला जरा रागच आला. मी म्हटलं, "बाई, मी माझी अब्रू सांगितली, तीबी हितंच?"

"बघितल्याशिवाय तिकडं कसं लिहू, मामा? काढा की फळ्या."

नटांवर रॉकेल सोडून आम्ही तासभर थांबलो. फळ्या निघाल्या. डांबर दगडासारखं झालं होतं. मी छिन्नी घेतली, ती तिनं माझ्या हातातून काढून घेतली. रॉकेलमध्ये फडकं भिजवून ठेवायचं, नखाएवढा थर मऊ झाला की बांबूच्या चोयटीनं उचलायचा, पुन्हा फडकं. आप्पा सारखे विचारत होते, दिसतंय का. एकदा त्यांनी थोडं जोर लावून खरवडायला सांगितलं. ती म्हणाली, "मग मामांचं अर्धं राहिलेलं काम मी पुरं केल्यासारखं होईल."

ऊन कलायला आलं तेव्हा पहिली रेघ दिसली. मग दुसरी. मग वरचं टोक. डांबराखाली गंजाचा ठिपका नव्हता. काल ठोकल्यासारखा बाण, आणि त्याच्या बगलेला बारीक आकडे. नीलमनं ते आकडे तिच्याकडच्या यादीशी दोनदा ताडून बघितले, फोटो काढले आणि बेळगावात कुणाला तरी फोन लावून पुन्हा वाचून दाखवले. मग वहीच्या कोऱ्या भागात तिनं एक ओळ लिहिली आणि वही श्रेयांसच्या हातात दिली.

श्रेयांसनं ती वाचली. बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन केला. परत आल्यावर एवढंच म्हणाला की पलीकडच्या अंगाला उतार आहे, भराव टाकावा लागेल.

नीलमनं जाताना बजावलं की गाडीला रंग द्यायचा नाही, कानस लावायची नाही, धुवायचीसुद्धा नाही. वर पत्रा टाका आणि टायरखाली दगड द्या, बाकी ती पुढच्या महिन्यात माणसं घेऊन येऊन सांगेल तसं. आप्पांनी मान डोलवली. त्यांनी निपाणीहून हिरव्या रंगाचे दोन डबे सकाळीच मागवून ठेवले होते. वहिनींनी ते तिला दाखवले. आप्पा म्हणाले, ते खिडक्यांना आणलेत.

मोटारसायकल दिसेनाशी झाली. मीही चप्पल घालून निघालो, तोच आप्पांनी हाक मारली. घरात चल म्हणाले. मला आक्कांच्या फोटोसमोर उभं केलं आणि म्हणाले, "सांग."

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा हात बांधून उभा राहिलो. सांगितलं. आक्का, सात घासले, आठव्याला डांबर लावलं. मुलगी बघायला जायची घाई होती. धोतरं नेसलो, ती फाटली, आता परत करता येत नाहीत.

आप्पा माझ्यामागं उभे होते. मला वाटलं, आता हे काहीतरी लागेल असं बोलणार. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"आई," ते म्हणाले, "ह्यो तुझ्याशी खोटं बोलला म्हणून आण्णांची गाडी वाचली. त्याला माफ कर. पर लगीच नको करू."