पोलिसांना आलेले फोन

“यात हसू कुठंय, लायल?” मार्लिसनं मजकूर त्याच्यापुढे परत सरकवला.

मार्लिस आमच्या साप्ताहिकाची मालकीण आणि लायल तिचा एकुलता एक बातमीदार. नगरसभा, शाळेचे सामने, मयतीच्या बातम्या, सगळं तोच लिहितो. पण आमचं गाव असं गुणी, की वाचतं फक्त ‘पोलिसांना आलेले फोन’. कुणाची बकरी चर्चमध्ये शिरली, कुणी शेजाऱ्याच्या दारात बर्फ लोटला, हे लायल असं रंगवतो की नॉर्थ डकोटाच्या थंडीतही लोक पोट धरून हसतात.

“हसण्यासारखं नाहीच ते,” लायल म्हणाला. “ऑरव्हिल स्टेनरूडनी फोन केला होता. बायको घरी आली नाही म्हणाले. इंगा वारून चार वर्षं झाली, मार्लिस! गाळून टाकू या.”

“आणि तिथं छापू काय? माझं डोकं? अरे, नाव थोडंच देतोय आपण! लोक ह्या कॉलमसाठी पेपर घेतात. तो पडला की तूही घरी आणि मीही.”

गाळता आलं असतं. पण लायलचा हात सराईत. त्यानं लिहिलं, ‘एका गृहस्थांची बायको हरवली. पोलिसांनी कपाटंही उघडून पाहिली. गृहस्थ म्हणाले, जाण्याआधी निदान स्वयंपाक तरी करून ठेवायचा!’

शेवटचं वाक्य ऑरव्हिल बोललेच नव्हते. ते लायलच्या पदरचं होतं.

पेपर आला की कॅफेत गॉर्डन न्हावी तो कॉलम मोठ्यानं वाचतो, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या सकाळीही त्यानं वाचला. कपाटांपाशी हशा झाला, स्वयंपाकापाशी तर टेबलं वाजली. लायल कॉफीत बघत बसला होता. शेजारच्या टेबलावर, सफरचंदाचा अ‍ॅपल-पाय खात, ऑरव्हिल बसले होते.

कपाटांना तेही हसले होते. मग त्यांनी काटा खाली ठेवला.

“बायको सापडत नाही आणि ह्याला जेवणाची पडलीय? कसला माणूस म्हणायचा हा!”

फोन कुणाचा होता, हे काहींना ठाऊक होतं. गॉर्डननं पेपरची घडी घातली.

लायलला राहवलं नाही. तो उठून त्यांच्यापाशी गेला. “मिस्टर स्टेनरूड, ते गृहस्थ तसं बोलले नव्हते. ते मी घातलं.”

“तू?” ऑरव्हिल त्याच्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, ते फार वाईट झालं. “मग तसं छाप, पोरा. उद्या ती बाई परत आली आणि तिनं हे वाचलं, तर काय वाटेल तिला?”

“छापतो,” लायल म्हणाला.

ऑरव्हिलनी कोट चढवला. उरलेला अ‍ॅपल-पायचा तुकडा कागदात बांधून मागितला, इंगासाठी.