बाद झालेल्यांची भिंत

मैदानाच्या कडेला एक बुटकी भिंत होती. पकडापकडीत जो बाद होईल त्याने तिच्यापाशी जाऊन बसायचे, हा खेळाच्या सरांचा नियम. पण सरांना जे उमगले नव्हते ते दुसरीतल्या पोरांना पक्के ठाऊक होते: खरी मजा त्या भिंतीपाशीच असते. तिथे खडे उडवता येतात, पळणाऱ्यांना चिडवता येते, आणि हरलेल्यांच्या घोळक्यात एक ऊब असते, जी शेवटपर्यंत टिकणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

बिटकी तिथवर कधी पोचलीच नव्हती. तिचा डावा पाय जरासा आखूड. त्या पायातल्या बुटाला जाड तळ लावलेला. वर्षाच्या आरंभी तिची आई, गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी, सरांना म्हणाली होती, "डॉक्टर म्हणतात, पळू दे. त्यांचं काय जातंय म्हणायला? तुम्ही तेवढी सांभाळा."

सरांनी सांभाळली. साऱ्या वर्गाला सांगून टाकले की बिटकी लिंबूटिंबू. हात लागला तरी ती बाद नाही.

तेव्हापासून ती मैदानभर पिसासारखी तरंगत राहिली. जिला पकडून पदरात काही पडत नाही, तिच्यामागे धावणार कोण?

एके सकाळी ती आपणहून भिंतीपाशी जाऊन बसली. रोज सर्वांआधी बाद होणाऱ्या, आणि म्हणूनच थट्टेने पहिलवान म्हटल्या जाणाऱ्या मुलाने तिला हटकले.

"ऊठ. तू बाद नाहीस."

"मला पकडलं की."

"कुणी?"

"कुणीतरी."

"लिंबूटिंबूला पकडलेलं धरत नाहीत. आम्ही इथं काय फुकट बसलोय? धापा टाकून आलोय."

ती उठली. रडली नाही. सरांच्या शिट्टीची दोरी ओढून तिने विचारले, "सर, मोठी झाल्यावर तरी मी बाद होईन का?"

आपण तिच्यावर सावली धरली असे सर समजत होते, आणि त्या सावलीत ती दिसेनाशीच झाली होती.

शाळा सुटल्यावर ते शिवणाच्या दुकानात गेले आणि बिटकीलाही बाद धरायचे म्हणाले.

"पडली तर?" आईने विचारले.

"पडेलच, ताई. बाकीची पडतात तशीच."

"तुम्हाला बोलायला सोपं. इथं माझा जीव टांगणीला."

"तिला सगळे सांभाळतात, पण तिच्याशी खेळत कुणीच नाही."

यंत्राचे चाक आईच्या तळहाताखाली थांबले. ती म्हणाली, "करा काय करायचं ते. पण मला बघायला बोलावू नका."

दुसऱ्या दिवशी सरांनी जाहीर केले, "आजपासून लिंबूटिंबू कुणी नाही."

राज्य भिंगरीवर होते. वर्गात तिच्याइतके कुणी पळत नसे. ती सुसाट आली आणि सवयीने बिटकीला वळसा घालून पुढे गेली.

"घाबरलीस का गं मला?" मागून बिटकीने जीभ दाखवली.

भिंगरी गर्रकन वळली. बिटकी धावत सुटली. एक पाऊल हलके, दुसरे जड. एक मात्रा कमी पडलेली ओळ कुणी ठासून म्हणावी तसे तिचे धावणे, अडखळते तरी तालात. सरांचे पाय तिच्या दिशेने निघू पाहत होते. त्यांनी ते जागच्या जागी दाबून धरले. कुंपणाजवळ भिंगरीचा हात तिच्या पाठीवर पडला आणि दोघीही धुळीत लोळल्या.

"बाद," भिंगरी धापा टाकत म्हणाली.

बिटकी उठली. रक्ताळलेला गुडघा घेऊन, तोऱ्यात, भिंतीपाशी गेली. पहिलवान बाजूला सरकला.

"इकडे बस. तिकडे ऊन येतं."

शाळा सुटताना आई फाटकाशी उभी होती. सर गुन्हेगारासारखे दोन पावले मागे थांबले. तिने गुडघ्यावरची पट्टी पाहिली.

"आई, मी बाद झाले," बिटकी म्हणाली. "भिंगरीनं पकडलं. तिलापण लागलंय."

आई तिच्यापुढे उकिडवी बसली. पट्टीला तिने हात लावला नाही. फ्रॉकची उसवलेली किनार मात्र बोटांत धरून निरखली.

"घेर पायात येतो हिच्या," वर न पाहता ती सरांना म्हणाली. "विजार शिवते. गुडघ्यांना दुहेरी कापड लावून."