मी, वेस्ट विंडसरचं कोरड्यातलं कासव

थांबलात? बरं झालं काका! पाय मात्र जपून टाका. मी इथे खाली, रस्त्याच्या कडेच्या गवतात आहे. मी एक कासव. हळू बोलतोय, कारण भीती वाटते. आत्ता तुमचीही वाटतेय.

भित्रेपणाची मला कधी लाज वाटली नाही. आमच्या जातीला पोटाखाली एक झाकण असतं. जरा खुट्ट झालं की डोकं-पाय आत ओढायचे आणि डब्यासारखं घट्ट मिटून घ्यायचं. कोल्हा आला, मिटलो. कुत्रा आला, मिटलो. हुंगून हुंगून कंटाळायचे बिचारे आणि निघून जायचे.

माझा जन्म येन्सन म्हाताऱ्याच्या मक्याच्या शेतातला, कुंपणाच्या कडेचा. त्याचे आजोबा डेन्मार्कहून येऊन इथे कसे राबले, ते म्हातारा रोज आपल्या कुत्र्याला सांगायचा. ऐकायला दुसरं होतं कोण! कुंपणाला रानबेरी, ओढ्याकाठी भूछत्रं, थंडीत झोपायला मऊ माती. आम्ही जिथे जन्मतो तिथेच, हाकेच्या अंतरात, सगळं आयुष्य काढतो. दुसरीकडे आम्हाला करमतही नाही आणि जगायलाही जमत नाही.

२००१ साली म्हातारा गेला आणि मुलांनी शेत विकलं. पुढच्या वसंतात मी मातीतून डोकं वर काढलं, तर जमीनच थरथरत होती. बुलडोझर! मी पटकन मिटून घेतलं. शेजारच्या बिळातली माझी म्हातारी सोबतीणही मिटून बसली. पण हा प्राणी हुंगत नव्हता, कंटाळतही नव्हता. तो सरळ तिच्या अंगावरून गेला. मिटून बसणं दर वेळी पुरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग घरं उगवली. सगळी एकसारखी. न्यूयॉर्कला जाणारी आगगाडी जवळ, शाळा चांगली, म्हणून माणसं येतच राहिली. शेताचं नाव तेवढं वेशीवरच्या पाटीवर उरलं. ओढा पाइपात गेला. दर शनिवारी गवत कापायची यंत्रं घरघरायला लागली की मी झुडपाखाली घुसायचो.

आसरा मिळाला तो रांगेतल्या शेवटच्या घरी. नागपूरचे संग्राम आणि सुवर्णा, आणि त्यांची लेक इशिता. दाराशी चपलांचा ढीग, मागे मेथी-टोमॅटोचे वाफे. संग्रामला गवत कापायचा भारी आळस. देव त्याचं भलं करो! इशिता पडलेला टोमॅटो माझ्यापुढे ठेवून म्हणायची, "हाय, लाडू!" हे नावही तिचंच. तिच्यासमोर मी झाकण उघडं ठेवायला लागलो. जन्मात पहिल्यांदाच.

आणि २००७ च्या गणपतीत घात झाला.

विसर्जनाच्या दिवशी सुवर्णा दूर्वा खुडायला आली आणि तिला मी दिसलो. "संग्राम, लवकर ये! कासव! तेही आजच्या दिवशी!"

"यार, बाप्पानेच पाठवलंय!" संग्रामने हात जोडले. माझ्या पाठीला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल. मी आत घट्ट मिटून बसलो होतो.

"पण पाण्यापासून इतकं लांब कसं आलं रे हे? सुकून जाईल बिचारं."

"तळ्यावर चाललोच आहोत. बाप्पाबरोबर यालाही सोडू."

"बाबा, नो! ही लिव्ह्ज हिअर!" इशिता रडकुंडीला आली.

"अगं राणी, कासवं पाण्यातच राहतात. रामटेकच्या तळ्यात बघितली होतीस ना?"

अहो, ती कासवं वेगळी! मी कोरड्यातला. मला धड पोहता येत नाही हो! पण हे सांगणार कसं?

बादलीत घालून, गाडीतून लांब नेलं मला. 'पुढच्या वर्षी लवकर या'चा गजर झाला आणि दोन प्रेमळ हातांनी मला पाण्यात सोडलं. मी सवयीने मिटून घेतलं आणि दगडासारखा खाली चाललो. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे अंधार. ती म्हातारी आठवली. मग झाकण उघडलं आणि वेड्यासारखे पाय मारले. कसाबसा काठाच्या लव्हाळ्यात पोचलो, तोवर गाडी निघून गेली होती.

त्यांचा राग नाही येत. हात जोडून निरोप दिला होता त्यांनी मला. पण तेव्हापासून मी घराकडे चालतोय. एक हिवाळा परक्या मातीत कुडकुडत काढला. एक रस्ता ओलांडावा तर पुढे दुसरा. वाटेत पुन्हा तसलीच घरं. यंदा मात्र काही अर्धवटच थांबलेली, खिडक्या नसलेली; बांधणाऱ्यांचे पैसेच संपले म्हणे. आता हा मोठा रस्ता शेवटचा. पलीकडून मला माझ्या मातीचा वास येतोय. पानं लाल झालीत. थंडी पडायच्या आत पोचलो नाही तर संपलंच. आणि या गाड्या काही थांबत नाहीत.

तुम्ही थांबलात. पण तुमच्या गाडीत काचेशी छोटा गणपती दिसतोय, म्हणून तर माझी जास्त धाकधूक होतेय. काका, तुमच्या पाया पडतो. कुंकू लावू नका, तळं शोधू नका. माझं तोंड ज्या बाजूला आहे, त्याच बाजूच्या कडेला नेऊन ठेवा. बाकीचं मी बघतो.

तुमचे हात खाली येतायत. भीतीने जीव जातोय माझा. पण बघा, मी झाकण उघडंच ठेवलंय.