मांडव ओलांडू नये

त्या साली नवतपा, उन्हाळ्याचे ते कडक नऊ दिवस, असा तापला का नागऱ्याच्या वाटेवर कोंबड्या उकडलेलीच अंडी देत होत्या. खोटं वाटते? अना बोडीच्या पाण्यातले मासे छत्री घेऊन फिरत होते, तेही सोडून द्या. पुढचं मात्र झालं तसंच सांगतो.

पतिरामच्या घरी पोरीचं, खुशबूचं लगीन. दारात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव. बोअर आटलेली, लाईन सकाळपासून गेलेली. टँकरचं पाणी स्वयंपाक्यापाशी, भाड्याचं जनरेटर डीजेले अना पाहुण्यांच्या कुलरले. घरातली सगळ्यात म्हातारी, पतिरामची माय चमेलीबाई, मागच्या टिनाच्या खोलीत. कायले? तं ती विधवा. हळदीच्या दिवशी विधवेनं मांडवात पाय ठेवू नये, असा रिवाज.

"बुढे, आज बाहेर निंघू नको वो," सून शकुंतला म्हणाली. "पाहुने नावं ठेवतीन."

"मी काय वाघीन होय, नवरदेवाले खाईन?"

खुशबू दारात उभी होती. सासरचे लोक हळदीचा व्हिडिओ पाहणार होते. खरं सांगायचं तं तिलेही आजी त्यात नको होती.

"आजी, उद्यापर्यंत बस ना इथंच. माह्यासाठी."

"बसतो. तुह्यासाठी तं रांजनातही बसीन."

खुशबूनं लोटाभर पाणी उशाशी ठेवलं अना गेली सजायले.

आता गोम ऐका. संडास मांडवाच्या पलीकडे. मांडव ओलांडायचा नाही, अना पाणी प्यालं तं जावं लागणार. म्हणून चमेलीबाई पाणीच प्याली नाही. बीपीची गोळीही गिळली नाही, त्या गोळीनं घडीघडी लघवी लागे. वर टिन तापलेलं, बाहेर डीजे. हाक मारली असती तरी आयकते कोण?

हळद लागत होती. बाया गाणं म्हणत होत्या अना एका कडव्यापाशी अडल्या. एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"पुढचं आजीलेच येते," खुशबू म्हणाली अना तटकन उठली.

"अवो, नवरी हळदीतून उठत नसते!"

ती मागं धावली. आजी भुईवर पडली होती. आंग तव्यासारखं, पण घामाचा थेंब नाही. डोळे भलतीकडंच लागलेले. लोटा उशाशी, काठोकाठ भरलेला.

पिवळ्या आंगानंच खुशबू आजीले आटोत घेऊन गोंदियाच्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण म्हणाली, "शरीर में पानी ही नहीं बचा. ऊन, तहान, चुकलेली गोळी. एखादं असतं तं निभावलं असतं, सगळं एकदमच आलं. किडनीवर अन् मेंदूवर गेलं आहे. लाईन नव्हती का घरी?"

"जनरेटर होतं," खुशबू म्हणाली. "कुलर होते. पानी तं मीच भरून देलं होतं, म्याडम."

आजी जगली, पण अर्धीच घरी आली. हात कापे, बोलणं अडखळे. लगीन पुढं गेलं. खुशबूनं नवरदेवाले, रूपेशले, फोन लावला. "आजी मांडवात बसन तवाच मी बसीन. जमत नसन तं आत्ताच सांगा." तिकडचे दोन दिवस फुगले, मग आले.

मांडवाच्या मधोमध खुर्चीवर आजी. तिनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. गुन्हा आमचा, तोंड लपवे ती. खुशबूनं पदर सारला, पाण्याचा गिलास ओठाले लावला.

आजीनं एक घोट घेतला अना थांबली. "नको. मंग... तिकडं जावं लागन."

खुशबूनं बाशिंग सावरलं, आजीले धरून उठवलं अना अख्ख्या वरातीसमोरून मांडव ओलांडून पलीकडे नेलं. डीजे आपोआप बंद पडला. शकुंतलाही दुसऱ्या बाजूनं धरायले धावली.

मांडव काही कोसळला नाही, बाप्पा. जांभळाचं पानही गळलं नाही.

आता तुम्ही घरी जाऊन तुमच्या बुढीच्या उशाचा लोटा पाहा. भरलेला दिसला तं खुश नका होऊ. इचारा तिले, काऊन नाही पेली.